कोट ठरवला कुणी, बोलणी खाल्ली कुणी

बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा मालिकेत मुख्य पात्र, म्हणजे डॉक्टर, साकारणारा नट बदलला की आमच्या मित्रमंडळात सुतक लागतं. नवा आला की "हा काय डॉक्टर वाटत नाही बुवा", आणि तीन-चार वर्षांनी तोच जायला निघाला की त्याच्याच नावाने गळे काढायचे. मीही काढलेत. मॅट स्मिथ गेला आणि पीटर कपाल्डीने आल्या आल्या स्वतःच्या मूत्रपिंडांच्या रंगावरून कुरकुर केली, तेव्हा मी लॅपटॉप मिटून सरळ झोपायला गेलो होतो.

आता वाटतं, आपण चुकीच्या माणसासाठी रडत होतो.

नट बदलणं ही या मालिकेची जुनीच खोड. 1966 मध्ये विल्यम हार्टनेलची तब्येत साथ देईना, म्हणून बीबीसीने डॉक्टरचं शरीरच बदलून टाकलं आणि पॅट्रिक ट्राउटनला उभं केलं. आल्या आल्या डॉक्टरचा सोबती बेन याला पटेना की हा तोच माणूस आहे. म्हणजे प्रेक्षकांच्या मनातली शंका लेखकांनी आधीच पात्रांच्या तोंडी घातली होती. कपाल्डीच्या वेळीही तेच. डॉक्टरची सोबतीण क्लारा हिला भूतकाळातून फोन येतो, पलीकडे मॅट स्मिथ, आणि तो सांगतो की या नव्या माणसाला सांभाळून घे. तो फोन क्लारासाठी कमी आणि माझ्यासाठी जास्त होता.

नट जातो तेव्हा असा निरोप समारंभ होतो. शोरनर, म्हणजे मालिकेची सूत्रं हाती असलेला मुख्य लेखक-निर्माता, जातो तेव्हा? श्रेयनामावलीत एक नाव बदलतं, बस्स. आणि खरी मालिका तिथे बदललेली असते.

कॉलिन बेकरचं काय झालं बघा. 1984 मध्ये तो डॉक्टर झाला आणि पहिल्याच कथेत त्याला स्वतःच्या सोबतिणीचा, पेरीचा, गळा आवळायला लावला. कपडे काय दिले, तर ठिगळाठिगळांचा, डोळ्यांत खुपणारा रंगीबेरंगी कोट. बिचाऱ्याला स्वतःला काळं मखमल हवं होतं! कोट भडकच हवा, हे ठरवलं निर्माता जॉन नेथन-टर्नरने. पुढे मालिका दीड वर्ष बंद राहिली, परत आली, आणि 1986 मध्ये नारळ कुणाला मिळाला? कॉलिन बेकरला. नेथन-टर्नर 1989 पर्यंत खुर्चीत. बेकरने निरोपाच्या दृश्यासाठी यायला नकार दिला (मी त्याच्या जागी असतो तर मीही गेलो नसतो), म्हणून सिल्व्हेस्टर मॅकॉयने कुरळ्या केसांचा विग घालून जमिनीवर पडून दोघांचंही काम केलं. ते दृश्य बघताना हसू येतं, मग जरा लाज वाटते.

बरं, हाच बेकर पुढे बिग फिनिश या कंपनीच्या ऑडिओ नाटकांत ऐका. आवाज तोच, अहंकार तोच, पण लिहिणारे वेगळे. नावं ठेवणारे कितीतरी लोक त्या नाटकांमुळे त्याचे चाहते झाले.

पुढे डॉक्टर झालेल्या जोडी व्हिटेकरच्या माथी असंच खापर फुटलं. डॉक्टर मुळात गॅलिफ्रेचा, म्हणजे ज्याला तो आपला ग्रह समजत होता तिथला, नाहीच, हा 2020 मधला उलटफेर तिने लिहिला होता का? तेव्हाचा शोरनर क्रिस चिबनल याने लिहिला. गंमत म्हणजे हे दोघंही आधी 'ब्रॉडचर्च' या मालिकेत होते, आणि तिथे त्याच्याच शब्दांवर तिने मुलगा गमावलेली आई अशी उभी केली की घशाशी हुंदका येतो. म्हणजे लेखकाला लिहिता येत नव्हतं असंही नाही. त्याचा हात या मालिकेत बसला नाही, इतकंच म्हणेन. बाई डॉक्टर कशाला, म्हणून पहिल्या दिवसापासून बोंब मारणाऱ्यांशी मात्र मला बोलायचंच नाही.

कपाल्डीकडे मी परत वळलो तो 2015 च्या 'हेवन सेंट'मुळे. जवळजवळ अख्खा भाग तो एकटा. हिऱ्याहून टणक भिंतीवर तो मुठी मारतो, मरतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, चार अब्जांहून जास्त वर्षं. प्रत्येक खेपेला पक्षी आणि डोंगराची तीच गोष्ट, एकेक वाक्य पुढे सरकत. लिहिलं तेव्हाचा शोरनर स्टीव्हन मॉफट यानेच, ज्याने ती मूत्रपिंडंही लिहिली होती. एव्हाना त्याला उमगलं असावं की हा चेहरा काय काय पेलू शकतो.

आणि जुनी जोडी परत आणली की जुने दिवस परत येतात, हाही भ्रमच. 2023 मध्ये जुना शोरनर रसेल टी डेव्हिस आणि जुना डॉक्टर डेव्हिड टेनंट दोघंही आले. मला मजा आली, खोटं कशाला बोलू. पण ती शाळेच्या स्नेहसंमेलनातली मजा होती.

31 मे 2025 ला त्यांच्यानंतरचा डॉक्टर शुटी गॅटवा गेला आणि त्याच्या जागी चक्क बिली पायपर हसत उभी. श्रेयनामावलीत तिच्या नावापुढे 'डॉक्टर' हा शब्दच नाही. आमच्याकडे रात्रभर रणकंदन: ही डॉक्टर, की तिनेच आधी रंगवलेली सोबतीण रोज, की आणखी कुणी? मी मध्येच विचारलं, "पण पुढचं लिहिणार कोण?"

कुणी उत्तरच दिलं नाही. सगळे तिचं हसू पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघत होते.