एकदाच उरकून टाकायचं

मारुतीच्या पारावर विज्या पेढे घेऊन आला. पोरगं आठ महिन्यांचं, आणि बायकोला परत तिसरा महिना.

"लेका, दम तरी खाऊ द्यायचास!" बाळ्या.

"एकदाच उरकून टाकायचं. दोघं एकदम वाढतात, कपडेही तेच चालतात."

कपड्यांचा हिशेब चोख होता.

सुन्याची बायको गावची आशा सेविका, त्यामुळे या विषयात त्याचा शब्द चालतो. "वहिनींचं हिमोग्लोबिन किती?"

"नऊ की काहीतरी."

"काहीतरी? अरे, बाळंतपणात रक्त जातं, वर अंगावर पाजणं. झीज भरून यायला वेळ लागतो. २००५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं बोलावलेल्या तज्ज्ञांनी सांगितलंय, बाळंतपणानंतर २४ महिने तरी पुन्हा दिवस राहू देऊ नका. घाई केली तर पोर अपुऱ्या दिवसांचं, कमी वजनाचं व्हायची भीती."

"पण अंगावर पीत असताना दिवस राहत नाहीत म्हणतात ना?"

"पहिले सहा महिनेच. तेही रात्रंदिवस नुसतं अंगावरचं पाजलं आणि पाळी आली नसेल तर. तुम्ही बाटली कधी लावली?"

"चौथ्या महिन्यात."

"मग झालं!"

अप्पा खवळले. "आमची आजी अकरा वेळा बाळंत झाली, काही झालं नाही!"

"जगली किती?"

अप्पा तंबाखू मळत बसले. "पाच," शेवटी म्हणाले.

मला शाळेतला क्वाशिओरकर आठवला. घानातल्या गा भाषेतला शब्द. पाठचं भावंड आलं की आधीच्या पोराला जडणारा आजार. अंगावरचं सुटतं, पोटात नुसती मक्याची पेज, पाय सुजतात. सिसिली विल्यम्स या डॉक्टरणीनं १९३०च्या दशकात तिथलंच नाव वैद्यकात आणलं. तिथल्या आयांना कारण आधीच ठाऊक होतं.

"आताच पोराचं दूध तोडू नका," सुन्या म्हणाला. "डॉक्टरांना विचारा. आणि या खेपेला बाळंतपण झालं की ४८ तासांत तांबी बसवता येते. नाहीतर दर तीन महिन्यांनी अंतरा इंजेक्शन, सरकारी दवाखान्यात फुकट."

"आणि निरोध?" बाळ्या पुटपुटला, इकडंतिकडं बघत. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं १९२१ साली. आम्ही अजून आवाज खाली करतो.

विज्या बाजूला जाऊन फोनवर बोलून आला. पेढ्यांचा पुडा तसाच हातात.

"नऊ नाही रे," तो म्हणाला, "साडेआठ."