घरची बालवाडी आणि माझं फाडलेलं टाइमटेबल

परवा एका मैत्रिणीचा मेसेज आला, मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, सध्या घरीच असतो, तुझा दिवसाचा प्लॅन पाठव ना. मी दोन दिवस उत्तरच दिलं नाही, कारण खरं सांगायचं तर माझ्याकडे पाठवण्यासारखा प्लॅन नाहीये. पूर्वी होता. चार रंगांत रंगवलेला, नऊ ते नऊ वीस रंगओळख, नऊ वीस ते पावणेदहा अंक, मग हस्तकला, मग गोष्ट, असं सगळं. त्या प्लॅनसाठी मी एकदा रात्री साडेअकरापर्यंत जागून कागदाचे मासे कापले, प्रत्येकावर आकडा लिहिला, स्टीलच्या पेपरक्लिपा लावल्या, काठीला दोरा आणि दोऱ्याला लोहचुंबक. सकाळी लेकीने मोजून चार मिनिटं मासे पकडले. मग दोरा सोडवून खुर्चीच्या पायाला बांधला आणि खुर्चीचा कुत्रा करून घरभर फिरवत बसली, तेही चांगलं अर्धा तास. मी आपली मागे मागे, "अगं पाच नंबरचा मासा शोध ना गं" करत. शेवटी रडली ती, आणि थोडी मीपण.

त्यानंतर घड्याळ काढून टाकलं, फक्त क्रम ठेवला. आधी अंग हलवायचं, मग बसायचं, परत हलवायचं, मग गोष्ट, मग झोप. बास. आणि हा क्रम काही मी हवेतून काढलेला नाही, जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्यात, त्यात तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल हवी असं म्हटलंय, त्यातली 60 मिनिटं तरी चांगली दमछाक करणारी, झोप 10 ते 13 तास आणि स्क्रीन जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तितकं बरं. आता 180 मिनिटं म्हणजे तीन तास! माझ्या रंगीत तक्त्यात हालचालीला पंधरा मिनिटं होती, तीपण "वेळ उरला तर". मग पोर नऊ वाजता खुर्ची ओढत पळणार नाही तर काय करणार.

बसायच्या वेळेसाठी आता मी वेगळं काही तयारच करत नाही (म्हणजे जवळजवळ नाही, चुका होतात). घरातलंच काम तिच्यासमोर ठेवते. धुतलेले मोजे घ्या. जोड्या लावणं, लहान-मोठे वेगळे करणं, रंगाप्रमाणे ढीग करणं, हे सगळं अंक शिकण्याच्या आधीचं गणितच आहे. एकदा सात मोजे ओळीत मांडून तिने बोट ठेवत मोजले, एक, दोन, तीन, सातपर्यंत एकदम बरोबर. मी विचारलं, मग किती आहेत? तर परत एकपासून सुरू! तीनदा विचारलं, तीनदा मोजलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मोजता येणं वेगळं आणि शेवटी आलेला आकडा म्हणजेच सगळे मिळून किती, हे कळणं वेगळं. मग मी तेच मोजे जरा लांब लांब पसरवले, तर म्हणे "आता जास्त झाले". हसू नका, पियाजे नावाच्या मानसशास्त्रज्ञाने मुलांना नेमकं हेच विचारून बघितलं होतं, आणि साधारण सहा-सात वर्षांची होईपर्यंत बरीच मुलं असंच सांगतात. म्हणजे शंभरपर्यंत आकडे घडाघडा म्हणणारं पोर बघून आपण खूश होतो, पण ते गाण्यासारखं पाठ असतं हो. मी शंभरचा नाद सोडलाय, सध्या आमचं पाचापर्यंत नीट चाललंय. चार चमचे आण, तुला एक मला एक असं वाट, उरला का?

लिहिण्याचंही तेच. मला नातेवाईकांकडून सतत ऐकायला लागतं की अजून अ काढता येत नाही का हिला. अहो, या वयात मनगटातली काही हाडं अजून कूर्चेचीच असतात, बोटांत जोर यायचाय. त्यामुळे आम्ही पेन्सिलीच्या आधी बाकीचं करतो, कपड्यांचे चिमटे डब्याच्या कडेला लावायचे, बटणं लावायची, क्ले मळायचा, छोट्या जगमधून कपात पाणी ओतायचं (खाली जुना टॉवेल आणि सांडल्यावर तिनेच पुसायचं, पुसण्यातच तिला जास्त मजा येते). अक्षरांऐवजी आवाजाचा खेळ, क ने सुरू होणारं काय काय दिसतंय? कपाट, कात्री, कान. एकदा तिने मला शोधून दिलं, "कचरा". वर्कशीटचा मात्र मला मनापासून कंटाळा आहे, ठिपके जोडून जोडून नक्की काय येतं कुणास ठाऊक.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट जी मला फार उशिरा कळली, रोज नवीन ॲक्टिव्हिटी लागत नाही! ते आपल्याला लागतं, कारण आपल्याला कंटाळा येतो आणि फोटो टाकायचे असतात. मारिया मॉन्टेसरींनी 1907 साली रोममध्ये पहिलं "बालगृह", म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केलं, त्यांनी एका साधारण तीन वर्षांच्या मुलीबद्दल लिहून ठेवलंय, ती लाकडी ठोकळ्यातल्या भोकांत दट्टे बसवत होती, आजूबाजूला मुलांना गाणं म्हणायला लावलं, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं, तरी ती थांबली नाही, चाळीसच्या वर वेळा तेच केलं आणि मग ताजीतवानी होऊन उठली. मी तर तिसऱ्या वेळेलाच "चल आता दुसरं करू" म्हणायचे. आता पाणी ओतायच्या सामानाचा एक ट्रे आठवडाभर तसाच ठेवते, फक्त गुरुवारच्या आसपास त्यात एखादी गोष्ट बदलते, कपाच्या जागी अरुंद तोंडाची बाटली, एवढंच. गोष्टीचं पुस्तकही तेच, एक ओळ गाळली तर मॅडम लगेच पकडतात.

काही दिवस काहीच होत नाही, सर्दी असते, मूड नसतो, माझं काम अडलेलं असतं, मग स्क्रीनचा तो एक तास दीड होतो. होतो बाबा.

तर मैत्रिणीला शेवटी एका कागदाचा फोटो पाठवला. त्यावर लिहिलं होतं: सकाळी बाहेर. मोजे. पाणी. तेच पुस्तक. तिचा रिप्लाय, "आणि बाकीचा दिवस??" मी लिहिलं, बाकीचा दिवस तो ठरवेल, तू फक्त टॉवेल जवळ ठेव.