फडकं खाली ठेव, भावा

दोन दिवसांवर खंडेनवमी आली. निम्मं कोल्हापूर आता बादली आणि जुनं बनियन घेऊन गाडीपुढं उभं राहणार. त्याआधी हे लिहून टाकतो. कुणाला राग आला तर येऊ दे.

गाडीवर सगळ्यात जास्त ओरखडे आपणच पाडतो, आणि तेही गाडी स्वच्छ करताना.

मला हे रंकाळ्यावर कळलं. रात्री भेळ खायला थांबलो होतो. गाडी काळी, तीन वर्षांची, कुठं घासलेली नाही, ठोकलेली नाही. खांबावरचा दिवा बॉनेटमध्ये दिसत होता आणि त्याच्याभोवती कोळ्यानं जाळं विणावं तसे बारीक गोल ओरखडे. पोरगं म्हणालं, "पप्पा, भारी डिझाइन आहे की!" भेळ घशाखाली उतरेना. खरं तर ते ओरखडे गोल नसतात, सगळ्या दिशांना पडलेले असतात. त्यातले दिव्याच्या उजेडाला आडवे असतात तेवढेच चमकतात, म्हणून गोल जाळं दिसतं. पांढऱ्या गाडीवर तेवढेच असतात, फक्त दिसत नाहीत. पांढरी गाडीवाल्यांनी लगेच खूश होऊ नये.

रंगाच्या वर कंपनी एक पारदर्शक थर देते, क्लिअर कोट. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन. डोक्यावरचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे गाडीची सगळी चकाकी केसापेक्षा पातळ थरावर उभी आहे. "पॉलिश मारून घेऊ, जातात ओरखडे" असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, की पॉलिश ओरखडा भरत नाही, आजूबाजूचा थर घासून ओरखड्याच्या पातळीला आणतं. हा खेळ किती वेळा खेळणार?

तालमीत गेला असाल तर हौद्यातली माती हातात घेऊन बघा. चाळलेली, तेल-ताक-हळद घालून मळलेली, लोण्यासारखी मऊ. पैलवानाचं कातडं सोलू नये म्हणून एवढा खटाटोप. गाडीवर बसणारी धूळ कोण चाळतंय? शिरोली आणि गोकुळ शिरगावला फाउंड्रीत जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. साच्याची वाळू म्हणजे सिलिका, कठीणपणाच्या मोजपट्टीवर 7. साधं चाकूचं पातं साडेपाचच्या आसपास. त्यात हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्यावर पाडलेला चिखल वाळून उडतो, कारखान्याच्या पट्ट्यात वरनं काजळी पडते. ह्या सगळ्यावर सकाळी सकाळी कोरडं फडकं फिरवायचं म्हणजे स्वतःच्या गाडीला पॉलिश पेपर मारायचा.

आमच्या अपार्टमेंटमध्ये एक मामा रोज पहाटे बारा गाड्या पुसतात. एक बादली, एक फडकं. सातव्या गाडीला पोचेपर्यंत बादलीत पंचगंगेच्या पुराचं पाणी झालेलं असतं. मी त्यांना म्हटलं, "मामा, माझी रोज पुसू नका. आठवड्यातनं एकदा धुवा, पगार तेवढाच देतो." मामा बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. "साहेब, लोक म्हणतील मामा फुकटचा पगार खातोय." चूक त्यांची नाहीच. आपल्याला रोज ओली दिसणारी गाडी पाहिजे असते, आणि महिन्याच्या त्या तुटपुंज्या पैशात बारा गाड्यांना बारा बादल्या कुठनं येणार? आता आमचं ठरलंय, दोन बादल्या आणि कापड माझं, हात त्यांचा.

दोन बादल्या का? एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक पत्रा धुवायचा, मग साध्या पाण्यात खळबळून माती तिथंच सोडायची आणि परत शाम्पूत. एवढंच. पण त्याआधी नुसत्या पाण्यानं गाडी भरपूर भिजवायची, निम्मी लढाई तिथंच जिंकली जाते. सुरुवात टपापासनं, शेवट दाराच्या खालच्या भागावर, कारण सगळ्यात खरखरीत माती खालीच असते. चाकांचं कापड वेगळं. एका वॉशिंग सेंटरवर मी डोळ्यांनी बघितलंय, पोरानं चाक घासलेला स्पंज तसाच उचलून बॉनेटवर ठेवला. मी ओरडलो तर म्हणतो, "शाम्पू आहे की त्यात!"

शाम्पू गाडीचाच घ्या. कपड्याची पावडर मेणाचा थर उतरवते आणि भांड्याच्या पावडरीत तर घासायलाच भुकटी घातलेली असते.

घासणं सुधारलं तरी पुसताना माती खाणारे बरेच. उन्हात गाडी धुतली की पत्रा तापलेला असतो, पाणी जागेवर वाळतं आणि बोअरच्या पाण्यातला क्षार पांढरे गोल डाग ठेवून जातो. म्हणून सावलीत, सकाळी, बॉनेटला हात लावल्यावर गार लागलं तरच. शेवटचं पाणी फवाऱ्यानं मारू नका. पाइपचं तोंड काढून टपावरनं सावकाश सोडा, पाण्याची चादर घसरत येते आणि जाता जाता थेंब बरोबर घेऊन जाते. उरलेल्या पाण्यावर मोठा मायक्रोफायबर टॉवेल पसरायचा, वरनं हलकं थोपटायचं, उचलायचा. दाबून गोल गोल फिरवायचा नाही. टॉवेल जमिनीवर पडला तर तो त्या दिवशी बाद, कितीही झटकलात तरी. आणि धुताना त्याला कपड्यांचं सुगंधी कंडिशनर नको, धागे गुळगुळीत होऊन पाणी शोषणं बंद करतात. घरात सांगून ठेवा. मी सांगितलं नव्हतं.

जोतिबाला जाऊन आलेल्यांसाठी वेगळं. गुलाल हातानं पुसायचा नाही. आधी हवेनं उडवायचा, मग पाणी. आणि पूजेचा स्वस्तिक बॉनेटवर ओल्या हळदी-कुंकवानं काढण्यापेक्षा काचेवर काढा, देवी रागवत नाही.

आमच्या अण्णांना यातलं काही पटत नाही. 2019 च्या महापुरात आमची जुनी गाडी दारापर्यंत गाळात होती. शहरभर पाणी आणि नळाला थेंब नाही. अण्णांनी वाळलेला गाळ खराट्यानं काढला. त्या दाराकडं आजही उन्हात बघवत नाही. पण तेव्हा मी त्यांच्या शेजारीच दुसरा खराटा घेऊन उभा होतो, हेही सांगितलं पाहिजे.

काल त्यांना हे सगळं वाचून दाखवलं. शांतपणे ऐकून घेतलं, उठले, जुनं बनियन घेतलं आणि आपली स्कूटर पुसायला लागले.

"ही माझ्या नावावर आहे," म्हणाले.