सही करायच्या आधी पेपर उघडा की जरा

आज सकाळी कोल्हापुरात खासबागजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात उभा होतो. पुढं एक बाप आणि त्याचं नववीतलं पोरगं. बीजगणिताच्या घटक चाचणीचा पेपर, वर लाल गोलात ७. वीसपैकी. पालकाची सही पाहिजे होती. बापानं दुकानदाराकडनं पेन मागून घेतलं आणि तिथंच सुरू झाला, "सांग की ह्या काकांना किती पडल्यात ते! वर्षाला चाळीस हजार मोजतोय क्लासला. चुलतभाऊ बघ तुझा, आणि तू बघ." दुकानदार म्हणाला, "जाऊ दे की ओ मालक." पोरगं चपलांकडं बघत उभं. बापानं सही ठोकली, पेपर पोराच्या अंगावर टाकला, विषय संपला.

पेपर उघडलाच नाही हो त्यानं!

काउंटरवर तो वाऱ्यानं फडफडत होता म्हणून आतलं पान मला दिसलं. दोन गणितांत पोराची रीत सरळ होती. ५ − (२क्ष − ३) सोडवताना त्यानं ५ − २क्ष − ३ लिहिलेलं. कंसाबाहेर वजा असला की आतल्या सगळ्या पदांची चिन्हं बदलतात, ह्यानं फक्त पहिल्याचं बदललं. दुसऱ्या गणितातही तीच चूक, त्याच जागी. म्हणजे ह्या पोराला बहुपदी येत नाही असं नाही, सातवी-आठवीतला एक खिळा निसटलाय. रोज अशी दहा उदाहरणं, चार दिवस, खर्च शून्य. चाळीस हजारांचा क्लास तो खिळा ठोकणार नाही, कारण क्लास नववीचा धडा पुढं रेटतोय.

तपासलेला पेपर हा डॉक्टरच्या रिपोर्टसारखा असतो, आणि आपण पाकिटावरचा आकडा वाचून पेशंटला बडवतो.

काय करायचं ते सांगतो. पेपर घरी आला की त्या दिवशी काही बोलू नका. दुसऱ्या दिवशी, जेवण झाल्यावर, पोराला शेजारी (समोर नव्हे, शेजारी) बसवून प्रत्येक गेलेल्या मार्कापुढं त्यालाच पेन्सिलनं एक अक्षर लिहायला सांगा. 'न' म्हणजे येतच नव्हतं. 'घ' म्हणजे येत होतं पण घसरलं. 'प्र' म्हणजे प्रश्नच नीट वाचला नाही. 'वे' म्हणजे वेळ पुरला नाही. चारही दुखणी वेगळी आणि औषधंही वेगळी. 'न' असेल तर मागच्या इयत्तेच्या पुस्तकात जावं लागतं, लाज वाटली तरी. 'घ' असेल तर एक चुकांची वही करायची: डावीकडं चुकलेलं, उजवीकडं बरोबर, आणि तेच गणित न बघता तीन दिवसांनी, मग आठवड्यानं, मग तीन आठवड्यांनी पुन्हा. लगेच दुसऱ्या दिवशी सोडवलं तर ते पाठ असतं, त्यात फसायला होतं. 'प्र'ला प्रश्नातल्या 'किती', 'का', 'सिद्ध करा' अशा शब्दांखाली रेघ मारायची सवय. आणि 'वे'चा हिशेब तर सोपा आहे. दहावीत बीजगणिताचा पेपर ४० मार्कांचा, वेळ २ तास, म्हणजे मार्काला ३ मिनिटं. चार मार्कांचं गणित बारा मिनिटांत सुटलं नाही तर सोडून पुढं जायचं. हे घरी घड्याळ लावून करून घ्यावं लागतं, नुसतं सांगून येत नाही.

हे सगळं व्हायला महिन्यातनं दोन तास लागतात. तेवढे नाहीत आपल्याकडं, पण चारचौघांत पोराची अब्रू काढायला आहेत!

त्याचं काय होतं माहीत आहे? चौदा-पंधराव्या वर्षी पोराला मार्कांपेक्षा तोंड लपवायची जागा महत्त्वाची असते. आज दुकानात जे झालं त्यानंतर पुढचा पेपर तो बापाला दाखवणारच नाही. सही स्वतः मारेल. मग आपण म्हणणार, पोरगं खोटं बोलायला लागलं. शिकवलं कुणी? १९१७ साली ह्याच कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला दंड ठेवला. आज पाठवतात सगळे. दंड आता पेपर न उघडणाऱ्याला लावायला पाहिजे.

आणि मार्क कमी पडले की पहिली कुऱ्हाड कशावर? फुटबॉलवर. तालमीचं (आमच्याकडं फुटबॉलचे संघ तालमींचेच) ग्राउंड बंद. मान्य, सीझनमध्ये पोरं पेठेच्या मॅचपायी खुळी होतात. पण ह्या वयाला रोज तासभर घाम निघायलाच पाहिजे, आणि झोप आठ ते दहा तास. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढं सरकतं, दहाला आडवं झालं तरी डोळा लागत नाही, तो आळस नव्हे. त्यात पहाटे सहाचा क्लास. पोरगं पाच-सहा तास झोपून वर्गात बसतं आणि वजाचं चिन्ह खातं. मोबाईल रात्री सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, चार्जिंगला लावा. सगळ्यांचे. बापाचा उशाला आणि पोराचा सोप्यात, हे चालत नाही, पोरं बरोबर ओळखतात.

क्लास वाईटच असतात असं म्हणत नाही. काही चांगले आहेत. बस, एवढंच.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. तो बाप कदाचित शिरोलीच्या एखाद्या फाउंड्रीतनं रात्रपाळी करून तसाच आला असेल, डोळे लाल होते. चाळीस हजार त्याच्यासाठी आकडा नाही, ओव्हरटाइम आहे. बीजगणित त्याला स्वतःला येत नसेल, म्हणून पेपर उघडायची भीती वाटत असेल. पण न-घ-प्र-वे लिहायला गणित यावं लागत नाही. "हे कुठं घसरलं, मला सांग की जरा," एवढंच म्हणायचं. पोरगं बापाला समजावता समजावता स्वतःच शिकतं.

एक मात्र मार्कांशी जोडू नका. पोरगं दोन आठवडे सलग गप्प, जेवण तुटलेलं, दोस्त सोडलेले, आपल्या आवडत्या वस्तू वाटून टाकतंय, "मी नसलो तर बरं" असं काही बोलतंय, तर "नाटकं करतोय" म्हणू नका. सरळ विचारा, जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का. विचारल्यानं ते डोक्यात भरत नाही, उलट मोकळं होतं. हो म्हणालं तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या दुखण्यासाठीच्या मदतीचा, सरकारी नंबर आहे, दिवसरात्र, फुकट, मराठीतही बोलतात.

दुकानातनं निघताना त्या पोरानं पेपरची घडी घातली. गोल आतल्या बाजूला. चुकलेली दोन्ही गणितंही आतच गेली.