ओटी बर्गरलाही जागा हवी होती

जर्मनीतल्या बाउहाउस या कला-आणि-रचनाशाळेच्या विणकाम विभागावरचा तुमचा लेख आवडला. मात्र तिथल्या विणकर ॲनी अल्बर्स ‘आवडीने’ मागाकडे वळल्या हे वाक्य खटकलं. १९२२ साली त्या आल्या तेव्हा त्यांना काचकामाचा विभाग हवा होता. मुलींना बहुतेक विणकामातच ढकलत असत.

त्यांच्या १९३०च्या पदविकेच्या कापडाबद्दल लेखात एकच ओळ आहे. बेर्नाउच्या कामगार संघटनेच्या शाळेतल्या सभागृहासाठी ते भिंतीचं कापड होतं. एका बाजूने आवाज शोषून घ्यायचा, दुसऱ्या बाजूने, विणीत घातलेल्या सेलोफेनमुळे, उजेड परतवायचा. मी स्वतः हातमागावर बसते, म्हणून सांगते: असा चकचकीत, घसरणारा बाणा (आडवा धागा) सुती ताण्यात (उभ्या धाग्यांत) बसवताना फणी किती जपून ठोकावी लागते! नक्षी वरून काढलेली नाही, ती धाग्याच्या गुणातूनच आली. माझ्या मते बाउहाउसची खरी शिकवण हीच.

गुंटा श्ट्योल्त्सल यांनी १९३१पर्यंत विभाग सांभाळला. १९३३मध्ये शाळा बंद पडली आणि विणकर पांगले. अल्बर्स अमेरिकेत ब्लॅक माउंटन कॉलेजात गेल्या. मार्ली एरमन शिकागोत शिकवू लागल्या, त्यांच्याच हाताखाली अमेरिकन विणकर-कलाकार लेनोर टॉनी तयार झाल्या.

आणि याच विभागातली ओटी बर्गर? ऐकायला कमी येणारी, हाताच्या स्पर्शाने कापड ओळखणारी, स्वतःच्या विणीचं पेटंट घेणारी बाई. १९४४मध्ये नाझींच्या आउश्वित्झ छळछावणीत तिला मारलं. लेखात तिचं नावसुद्धा नाही. कृपया पुढच्या भागात तिच्यावर लिहा.