कुठलीही जुनी पोर्शे ९११ म्हणजे सोनं? नाही हो

कार ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतंय, तुम्हालाही आलं असेल. म्हणे पोर्शेची ९११ ही स्पोर्ट्सकार म्हणजे फोक्सवॅगन बीटलचंच इंजिन मागे लावलेली गाडी, साठ वर्षांत काही बदललं नाही, एअर-कूल्ड, म्हणजे हवेवर थंड होणारी, कुठलीही उचला भाव वाढणारच, आणि पाण्यावर थंड होणारी घेऊ नका, तिला कलेक्टर विचारत नाही. लोक यावर पैसे लावतात म्हणून लिहितोय.

बीटलचं आधी. इंजिन मागे, सिलिंडर आडवे समोरासमोर आणि हवेवर थंड होणारं, साम्य इथपर्यंतच. बीटलला चार सिलिंडर आणि पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या), ९११ ला पहिल्यापासून सहा सिलिंडर, वर चेनवर फिरणारे कॅमशाफ्ट, ड्राय संप (ऑइल वेगळ्या टाकीत), दोन लिटरमध्ये १३० हॉर्सपॉवर. संबंधच नाही.

काही बदललं नाही हे तर वाचूनच वाईट वाटतं. सुरुवातीच्या गाड्या वळणावर मागून सुटायच्या, म्हणून १९६९ च्या मॉडेलला मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे सरकवली, इंजिन होतं तिथेच ठेवून. १९७५ ला टर्बो आली. १९८९ च्या ९६४ या पिढीत तर कंपनीच्याच म्हणण्यानुसार ८५ टक्के पार्ट नवे होते, सस्पेन्शनचे टॉर्शन बार (पीळ घेणाऱ्या दांड्या) जाऊन कॉइल स्प्रिंग आल्या, फोर व्हील ड्राइव्ह आलं, पण छप्पर तसंच दिसतं म्हणून लोक म्हणतात तीच गाडी.

आता ‘कुठलीही उचला’, सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं. १९७३ ची कॅरेरा आरएस २.७ रेसिंगच्या नियमासाठी ५०० बनवायची होती, बनल्या १५८०, तिचा भाव वेगळाच. पण तिचा तो बदकाच्या शेपटीसारखा स्पॉयलर साध्या ९११ टी वर कोणीही बसवू शकतं आणि बसवतातही, म्हणून आधी इंजिन आणि चासी नंबर कंपनीच्या रेकॉर्डशी जुळवायचे, स्पॉयलर नंतर बघा. १९७४ ते ७७ च्या २.७ इंजिनांचं क्रँककेस (इंजिनाचं मुख्य कवच) मॅग्नेशियमचं, गरम होऊन त्यातून हेड स्टड (सिलिंडर हेड धरून ठेवणारे बोल्ट) उपटून येतात आणि मग अख्खं इंजिन खोलावं लागतं. त्यात १९७६ च्या आधी पूर्ण बॉडी गॅल्व्हनाइज्ड (गंजू नये म्हणून जस्त चढवलेली) नव्हती. फडक्यात गुंडाळलेलं चुंबक दरवाज्याखालच्या पट्टीवरून हळूच फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे रंगाखाली पत्रा नाही, पुट्टी आहे. असली गाडी एअर-कूल्ड आहे म्हणून सोनं होत नाही, दुरुस्तीचं बिलच किमतीच्या वर जातं.

राहिली पाण्यावरची. साध्या ९९६ मध्ये, म्हणजे पाण्यावर थंड होणाऱ्या पहिल्या ९११ च्या पिढीत, मधल्या शाफ्टच्या बेअरिंगचा प्रॉब्लेम आहे (ते तुटलं तर इंजिन जातं), मान्य, आणि तिचे हेडलाइट मलाही आवडत नाहीत. पण त्याच ९९६ ची जीटी३ बघा, कलेक्टर तिच्यासाठी साध्या कॅरेरापेक्षा कितीतरी जास्त मोजतात, कारण तिचं इंजिन वेगळं, हे बेअरिंग त्यात नाहीच, आणि त्याचं कूळ १९९८ ला ल मान्सची २४ तासांची रेस जिंकलेल्या ९११ जीटी१ या रेसकारचं आहे. ती जीटी१ही पाण्यावरच थंड व्हायची.