सहा खुर्च्यांच्या गाद्या: दुकानातर्फे उत्तर

ताई, नमस्कार. दुकान माझं आहे, म्हणून उत्तर मीच लिहितोय.

तुमची तक्रार अशी: मे महिन्यात आमच्याकडून फोम, कापड आणि ते प्लायला ठोकायच्या पिना (स्टेपल) नेऊन डायनिंगच्या सहा खुर्च्यांच्या गाद्या घरीच बदलल्या, आणि दोन महिन्यांत फोम बसला, कापडाला झोळ आला, खालून गंज धरला. "स्वस्तातला माल गळ्यात मारला" हे वाक्य मला लागलं. पण फोमच्या बाबतीत ते खरं आहे.

बिल काढून पाहिलं. तुम्हाला २३ डेन्सिटीचा, म्हणजे घनमीटरला २३ किलो भरणारा हलका फोम गेलाय. तो पाठीला, उशीला चालतो. ज्यावर रोज माणूस बसणार तिथे निदान ३२ हवा, आणि जेवणाच्या खुर्चीला मी ४०चाच देतो. तुम्ही म्हणालात "बजेटमध्ये बसेल असं द्या", आणि काउंटरवरच्या मुलाने सगळ्यात स्वस्त होता तो कापून दिला. कशासाठी हवाय, हे त्याने विचारायला हवं होतं. चूक आमची. माफ करा.

काटकसर मजुरीत होते, ती तुम्ही केलीत. कापडातही होते: ५४ इंची पन्ह्याचं दोन मीटर कापड १८ इंची सहा सीटना पुरतं. फोममध्ये मात्र करू नये, हे सांगणं आमचं काम होतं.

कापडाला दोष देऊ नका. फोम दबला की वरचं कापड सैल पडणारच. तुमचा तिसरा फोटो मी मोठा करून पाहिला. कोपऱ्यातल्या चुण्या इतक्या नेटक्या आहेत की शिकाऊ कारागिरालाही पटकन जमत नाहीत. तेच कापड परत वापरा.

गंजाचं कारण आपली हवा. तुमचं घर मिऱ्याच्या किनाऱ्याच्या बाजूला, खारा वारा थेट आत, त्यात पावसाळ्याची ओल. साध्या लोखंडी पिना तिथे टिकत नाहीत, स्टेनलेस स्टीलच्याच हव्यात. त्याच फोटोत प्लायच्या कडेला जुन्या पिनांचे तुकडे राहिलेले दिसतात, तेही गंजतात आणि डाग वर चढतो. स्क्रूड्रायव्हरने उचकटून पकडीने ओढून काढा.

खुर्च्या आणायची गरज नाही. खालचे चार स्क्रू काढले की सीट सुटते. सहाही सीट घेऊन या. ४० डेन्सिटीचा दोन इंची फोम मापाने कापून देतो, आठ मिलिमीटरच्या स्टीलच्या पिनाही देतो, पैसे घेणार नाही. पिनांची गन दोन दिवस घरी न्या. गणपतीला पाहुणे यायच्या आत काम होईल. येताना सीट प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळा, प्लाय भिजला तर पिन धरत नाही. आणि मला विचारा, त्या मुलाला नको.